नव्याचं जुनं करणाऱ्या वैजूताई

वैजूताईंचं आणि माझं पहिलं बोलणं झालं ते आमच्या बिल्डिंगच्या कचऱ्याच्या डब्यांपाशी. मी नव्या मिक्सरचा खोका मोडून डब्यात कोंबत होते आणि मागून आवाज आला, "ओल्यात टाकू नका. शिकलेल्या दिसताय."

वळून पाहिलं तर एक सडपातळ बाई. अंगात पुरुषाचा निळा शर्ट, खिशावर कंपनीचं नाव शिवलेलं, गळ्यात नायलॉनच्या दोरीला अडकवलेली कात्री. त्यांनी माझ्या हातातून खोका घेतला, आतली करड्या पुठ्ठ्याची जाड पट्टी ओढून काढली, नखानं टकटक वाजवली, नाकाशी नेली. "बरा आहे," म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या. खोका माझ्याच हातात परत. आभार वगैरे काही नाही.

त्यांच्याबद्दल गोड काही सांग म्हटलं तर मला जड जाईल. त्या गोड नव्हत्याच. पिंपळे सौदागरमध्ये चहूबाजूंनी उंच टॉवर उठले आणि त्यांच्या सावलीत आमच्यासारख्या चार मजल्यांच्या जुन्या बिल्डिंगा तेवढ्या राहिल्या, त्यातल्या एका बिल्डिंगमध्ये वैजूताई तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहत. मूळच्या कुडाळकडच्या. नवरा मोहन परब चाकणच्या एका कंपनीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या लाइनवर. नवऱ्याला त्या 'आमचे परब' म्हणायच्या, तो समोर बसलेला असला तरी. "आमच्या परबांना साखर कमी," असं त्याच्याच देखत मला सांगायच्या आणि तो बापडा कप पुढं करायचा.

आधी त्या ब्लाउज शिवत. मान धरली तेव्हा मशीन सुटलं. पडल्या पडल्या फोनवर कुठल्याशा परदेशी बाईचे व्हिडिओ बघायला लागल्या. ती बाई पुठ्ठ्याचे नक्षीदार तुकडे घ्यायची. किल्ल्या, दातेरी चाकं, वेलीची पानं, चौकटीचे कोपरे. त्यांना रंगवून, तडे पाडून, कागदांच्या आणि लेसच्या थरांत असं बसवायची की आजीच्या आजीच्या पेटीतून काहीतरी निघालंय असं वाटावं. "ती त्याला चिपबोर्ड म्हणते," वैजूताई सांगायच्या. "मी म्हटलं काय असेल बाई. उठून बघते तर आमच्या परबांच्या नव्या शर्टाच्या घडीत घातलेला तोच!"

मग त्यांनी स्वतःच कापायला सुरुवात केली. ब्लाउजाचा गळा कापणारा हात. पेन्सिलीची रेघ पुसायचीही गरज पडत नसे. पुठ्ठ्यावर आधी जेसोचा, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचा, पांढरा हात, तो वाळला की तडे पाडणारी पेस्ट, तड्यांत तपकिरी शाई मुरवायची आणि वरची ओल्या फडक्यानं टिपून घ्यायची. उंचवट्यांवर बोटाच्या टोकानं सोनेरी मेण. मागे चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद, त्यावर औषधाच्या दुकानातली बँडेजची जाळी उसवून पसरलेली. स्वयंपाकघराच्या ओट्याचा अर्धा भाग ह्या उद्योगाला आणि अर्धा स्वयंपाकाला. एकदा परबांच्या भाकरीला सोनेरी बोट लागलेलं मी स्वतः पाहिलंय. त्यांनी ती निमूट खाल्ली.

शनिवारी दुपारी आम्ही चार-पाच जणी त्यांच्याकडे शिकायला जायचो. शिकवणं म्हणजे बोलणी खाणं. हातातलं काम उचलून त्या पहिला प्रश्न हाच विचारायच्या, "हे कुठं होतं इतकी वर्षं?"

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मी म्हटलं, "माझ्या घरी. काल केलं."

"ते मला दिसतंय काल केलंय ते. म्हणून तर विचारते. खिडकीत होतं का? मग एकच बाजू उडाली पाहिजे. पेटीत होतं का? मग कडा मोडतील, मधला रंग तसाच राहील. तुम्ही सगळीकडे सारखं तपकिरी फासलंय. हे जुनं नाही, हे मळलेलं आहे." मग जरा थांबून, "वस्तू झिजते कुठं? माणसाचा हात लागतो तिथं. आधी माणूस ठरवा. मग झीज."

टॉवरमधल्या एक बाई एकदा आजोबांचा खराखुरा फोटो घेऊन आल्या. तांबूस, काठावर फोटोग्राफरचा ठसा असलेला. त्यांना तो चौकटीत लावायचा होता, पण आधी त्याला थोडं फाडून, थोडं जाळून हवं होतं, म्हणजे कसा लूक येईल. वैजूताईंनी फोटो दोन्ही हातांनी धरून बघितला.

"काय वाईट केलं होतं हो ह्यांनी तुमचं?"

"कोणी? आजोबांनी? छे, उलट..."

"मग जाळताय कशाला? झेरॉक्स काढून आणा. झेरॉक्स जाळू."

त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. वैजूताईंची माणसं अशीच कमी होत जायची. आम्ही कुणी म्हटलं, ताई, जरा गोडीनं घ्या, तर म्हणायच्या, "गोडी ज्याला हवी त्यानं शिरा करावा."

परब मात्र अगदी उलट. शांत, बुटके, सारखे खिसे चाचपणारे. त्यांच्या खिशात कायम काहीतरी असायचं. लाइनवर टाकून दिलेला वॉशर, पितळेची वाकडी पट्टी, रबराची रिंग. आल्या आल्या ते बायकोपुढं ठेवायचे आणि काही न बोलता हातपाय धुवायला जायचे. वैजूताई ती चीज उलटीपालटी करून बघायच्या. बरी वाटली तर डब्यात, नाहीतर, "हे काय आणलंय? परत नेऊन द्या." परब दुसऱ्या दिवशी खरंच परत न्यायचे.

चौकटींचा सिलसिला परबांपासूनच सुरू झाला. त्यांच्या कंपनीतले भालेराव रिटायर व्हायचे होते, पेंट शॉपचा माणूस. परब म्हणाले, काहीतरी कर. वैजूताईंनी काचेआड एक खोल चौकट केली. आत गाडीच्या दरवाजाचा पुठ्ठ्याचा आकार, त्यावर थरांवर थर चढवलेले भालेरावांच्या हातून गेलेले सगळे रंग, आणि एका कोपऱ्यात ते थर खरवडून प्रत्येक रंगाची कड दाखवलेली, झाडाच्या खोडात वर्षांची वलयं दिसतात तशी. भालेराव त्या चौकटीपुढं सगळ्यांच्या देखत रडले म्हणे. त्यानंतर जो कोणी रिटायर होईल त्याला वैजूताईंची चौकट हवी. मग कंपनीच्या एचआरमधली केतकी नावाची मुलगी घरी यायला लागली आणि पुढं ते कंपनीचंच काम होऊन गेलं. केतकी बोलायला छान होती. प्रत्येक चौकट बघून "ताई, किती विंटेज!" म्हणायची. वैजूताई त्या माणसाशी तासभर बोलल्याखेरीज कात्री उचलत नसत. काय दाबायचात, कुठं उभं राहायचात, डबा कुठं ठेवायचात. ती एवढी एकच वेळ मी त्यांना कुणाचं शांतपणे ऐकताना पाहिलंय.

आणि मग कंपनीनं लाइन बंद करायचं ठरवलं. सगळं दुसऱ्या राज्यात जाणार होतं. इथली माणसं घरी.

केतकी आली तेव्हा मी तिथंच होते. ती म्हणाली, निरोपाचा मोठा कार्यक्रम ठेवलाय, वरचे साहेब येणार आहेत, सगळ्यांना एकेक चौकट द्यायची आहे. वैजूताई हसल्या. फार वाईट हसल्या.

"तिशीतली पोरं आहेत गो त्यात. त्यांना पण विंटेज करू?"

केतकीनं नावांची यादी टेबलावर ठेवली. ती गेल्यावर वैजूताई म्हणाल्या, "जमणार नाही. सांगते तिला." परब दारातल्या खुर्चीवर बसून सॉक्स काढत होते. ते वर न बघता म्हणाले, "कर, वैजू. तू नाही केलंस तर प्लास्टिकच्या ट्रॉफ्या आणतील. त्यात माझी पण एक असणार. निदान माझी तुझ्या हातची असू दे."

म्हणून त्यांनी ते काम घेतलं. घेतलं ते मग त्यांच्या पद्धतीनंच. परबांच्या मोटरसायकलवर मागे बसून त्या एकेकाच्या घरी जायला लागल्या. भोसरीच्या खोल्या, चाकणच्या चाळी. एकदा परबांची दिवसपाळी होती म्हणून मी त्यांना माझ्या स्कूटीवर नेलं. भोसरीत एका बोळात बालाजी नावाचा मुलगा राहायचा, लातूरकडचा. बायको आत, बाळ रांगतंय. वैजूताईंनी नेहमीसारखं विचारायला सुरुवात केली, कुठल्या मशीनवर होता, काय आवडायचं. तो भिंतीला टेकून उभाच राहिला.

"ताई, एक विचारू? तुमी कंपनीकडून आलाव का आमच्याकडून?"

वैजूताई एरवी कुणाला शब्द पुरा करू द्यायच्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी पेन्सिल पिशवीत ठेवली.

"राग नका धरू," तो म्हणाला. "पण मला नगं ते. आठवण म्हाताऱ्याला द्यावं. मला काम पायजे."

परतताना सिग्नलला उभे असताना म्हणाल्या, "बरोबर बोलला मेला." बालाजीची चौकट त्यांनी केली नाही. चौकटींच्या ओळीत त्याच्या नावाची जागा मोकळी सोडली.

त्याच बोळाच्या टोकाला सुदाम राहत होते, त्या दिवशी परतण्याआधी आम्ही त्यांच्याकडेही गेलो होतो. बीडकडचे, पन्नाशीला आलेले. प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या मशीनवर असताना त्यांच्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट गेलं होतं. तेव्हापासून स्टोअरला बसत. वैजूताईंनी विचारलं, काय करू तुमच्या चौकटीत? त्यांनी जरा विचार केला आणि हात पुढं केला.

"ह्यो काढा. जसा हाय तसा. कंपनीत म्या काय ठेवून आलो ते तरी दिसू द्या."

वैजूताईंनी पिशवीतून पुठ्ठा काढला, त्यांचा तळवा त्यावर ठेवला आणि पेन्सिल फिरवली. जिथं बोटं नव्हती तिथं पेन्सिल हळू गेली.

त्यांनी आयुष्यात केलेलं सगळ्यात चांगलं काम ते होतं, असं मला आजही वाटतं. पुठ्ठ्याचे थर चढवून उठावदार केलेला तो हात पितळेचा वाटायचा, वर्षानुवर्षं हाताळलेल्या दाराच्या कडीसारखा. तळव्याच्या रेषांत काळं साचलेलं, अंगठ्याचं पेर घासून उजळलेलं. आणि दोन बोटांच्या जागी नुसती मऊ, गोल झालेली कड. तिच्यावर त्यांनी काहीच केलं नव्हतं, करडा पुठ्ठा तसाच ठेवला होता.

केतकी कार्यक्रमाआधी बघायला आली. भिंतीला टेकवून चौकटी ओळीनं ठेवल्या होत्या. ती एकेक बघत, "सुंदर, सुंदर," म्हणत त्या हातापाशी आली आणि थांबली.

"ताई, हे... हे नाही चालणार."

"का?"

"वरून लोक येणार आहेत. फोटो निघतील. निगेटिव्ह वाटतं हो."

"निगेटिव्ह नाही वाटत. दोन बोटं कमी वाटतात."

"मग दुसरं काही लावा ना. एखादं चाक लावा. नाहीतर हात पूर्ण करा. कुणाला कळणारे?"

"सुदामना कळेल. त्यांचा हात आहे तो."

केतकीचा चेहरा उतरला. "माझ्या हातात काही नाही, ताई," ती म्हणाली. ते खरंही असेल. वैजूताईंनी उठून दार उघडलं. "हा गेला नाही तर एकही जाणार नाही. सांग तुझ्या साहेबांना." परब आतल्या खोलीच्या दारात उभे होते. केतकी गेल्यावर म्हणाले, "बरं केलंस." त्यांच्या तोंडून असं काही मी पहिल्यांदाच ऐकत होते.

तो आनंद आठवडाभरसुद्धा टिकला नाही. शनिवारी आम्ही दोघी-तिघी काम करत बसलो होतो आणि सुदाम आले. चपला दाराबाहेर काढून आत येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात.

"ताई, बोटं लावा."

वैजूताईंनी हातातली कात्री खाली ठेवली. "कोणी पाठवलं तुम्हाला?"

"पाठवलं न्हाई कुणी. बोलवलं व्हतं. केबिनमधी बसवून चहा पाजला. म्हणले, सुदाम, तुझ्या पोराला तिकडच्या प्लांटला चिकटवायचं बघू. आन् मग म्हणले, त्या बाईला सांग जरा समजावून." ते आमच्याकडे बघायचं टाळत होते. "आता तुमीच सांगा, ताई. पुठ्ठ्याच्या हातापायी पोराचं काम घालवू का म्या?"

वैजूताई उठल्या, चौकटीची मागची पट्टी सोडवली, हात बाहेर काढला. नवा पुठ्ठा टेबलावर ठेवला.

"डावा हात ठेवा."

सुदामनी डावा हात ठेवला. वैजूताईंनी त्यावरून दोन बोटं उतरवून घेतली, कापली आणि उलटी करून उजव्या हाताला लावून पाहिली. बरोबर बसली. मग जेसो, मग शाई, मग मेण. आम्ही सगळ्या बघत होतो. एका जागी त्यांचा हात थांबला.

"ह्या बोटांनी तर काहीच केलेलं नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "ह्यांना झीज कसली लावू?"

पण लावली. त्यांना तेवढंच येत होतं, आणि ते फार चांगलं येत होतं. वाळल्यावर सांधा कुठं आहे ते मला बोट फिरवूनही सापडलं नाही. सुदाम म्हणाले, "उपकार झाले, ताई." त्यावर वैजूताई काय बोलतात म्हणून मी वर पाहिलं. त्या ब्रश धुवायला मोरीत गेल्या होत्या.

कार्यक्रमाचं मला परबांनी जिन्यात सांगितलं. वरच्या साहेबांना नेमकी तीच चौकट आवडली. त्यांनी ती उचलून सगळ्यांना दाखवली. म्हणाले, हा बघा कामगाराचा हात, मेहनतीचा हात. टाळ्या पडल्या. सुदामना स्टेजवर बोलावलं, चौकट हातात दिली, फोटो काढला. फोटोत त्यांनी डाव्या हातानं चौकट धरली होती. उजवा खिशात. वैजूताई मागच्या रांगेत चांगली साडी नेसून बसल्या होत्या. कुणीतरी त्यांना पुढं या, साहेबांशी ओळख करून देतो म्हणालं. त्या म्हणाल्या, "माका नको," आणि उठून बाहेर बसपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

सुदामच्या मुलाला पुढं कुणी बोलावलं नाही.

परबांनी स्वतःची चौकट घरी आणलीच नाही. कंपनीच्या बसमध्ये वरच्या रॅकवर विसरलो म्हणाले. ती त्या बसची शेवटची फेरी होती, तेव्हा परत मिळण्याचा प्रश्न नव्हता. ती ओळीतही कधी दिसली नव्हती; आत काय होतं, मी विचारलं नाही. वैजूताई म्हणाल्या, "बरं झालं. भिंतीवर जागा कुठं होती?" आणि दोघं एकमेकांकडे न बघता चहा प्यायले.

पुढच्या शनिवारी आम्ही गेलो तर खोलीच्या मध्यभागी भंगारवाल्याचं पोतं. पुठ्ठे, कापलेले कोपरे, किल्ल्या, पानं, परबांनी आणलेले वॉशर, सगळं त्यात जात होतं. आमच्यातल्या एकीनं शाईच्या बाटल्या तरी आम्हाला द्या म्हटलं. "घ्या," म्हणाल्या, "पण माझ्यासमोर वापरू नका." मी म्हटलं, ताई, एका कंपनीचा राग कलेवर कशाला? त्यांनी पोतं दाबून बसवलं.

"कला कसली? मी लोकांना फसवायचं शिकले. तुम्हालाही शिकवलं. शिकलात तेवढं पुरे."

हे त्या रागात बोलल्या की विचार करून, ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. त्यांच्याशी वाद घालता येतो असं मला कधी वाटलंच नव्हतं. महिना-दीड महिन्यात त्यांनी खोली सोडली. भोसरीला स्वस्त पडतं म्हणून तिकडं गेल्या. टेम्पो भरताना मी कामावर होते. आले तेव्हा तिसऱ्या मजल्याला कुलूप होतं.

त्यानंतर त्या मला एकदाच दिसल्या. दिवाळीच्या आधीचे दिवस. मी भोसरीत मावशीकडे चालले होते, वाटेत मिठाई घ्यावी म्हणून एका गर्दीच्या दुकानात शिरले. काउंटरच्या मागे तीन-चार बायका, डोक्याला जाळीच्या टोप्या, हातांत पातळ प्लास्टिकचे मोजे. त्यातली एक सपाट खोके उभे करत होती. दोन घड्या, कोपऱ्याचं पान आत, बोटानं एक दाब, झाला. तिच्या शेजारी खोक्यांचा मनोरा उभा होता आणि ती त्याच्याकडे बघतही नव्हती.

"वैजूताई," मी म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं. ओळखलं, ते डोळ्यांत दिसलं.

"अर्धा की पाव?"

"अर्धा. कशा आहात?"

"बरी." दुसरा खोका उभा झाला. "मोतीचूर की मिक्स?"

"मोतीचूर. परबभाऊ?"

"सिक्युरिटीला आहेत. आयटीच्या एका बिल्डिंगीत. मारुंजीकडे."

मला काहीतरी बोलायचं होतं. मी विचारलं, "ताई, काही करता की नाही आता?"

"करते ना," त्या म्हणाल्या. "खोके करते."

त्यांनी लाडू भरले, वजन केलं, वरून एक लाडू काढला, एक लहान ठेवला, झाकण दाबलं. टेपची पट्टी दातानं तोडून चिकटवली आणि खोका माझ्याकडे सरकवला. मी तो घेऊन तिथंच उभी होते. मागून कुणीतरी जरा सरका म्हणालं.

"बोला, दादा," वैजूताई माझ्या खांद्यावरून त्याला म्हणाल्या.